डॉक्टर आपलं दुखणं सांगतात तेव्हा

मार्शा लिनेहन यांच्या हातांवर जुने व्रण होते. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्या मानसशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. स्वतःला पुन्हा पुन्हा इजा करून घेणारे, मरणाचे विचार ज्यांची पाठ सोडत नाहीत असे रुग्ण घ्यायला भलेभले उपचारक कचरतात. लिनेहन यांनी नेमके तेच रुग्ण हाती घेतले आणि त्यांच्यासाठी ‘डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी’ ही उपचारपद्धती उभी केली. समोर बसणाऱ्यांना ते व्रण दिसत. एका रुग्णाने एकदा विचारलंच, तुम्ही आमच्यातल्याच का? दुःख मीही भोगलंय का, असं विचारायचंय का, असं लिनेहन यांनी म्हणून पाहिलं. तसं नाही, आमच्यासारख्याच आहात का, असं त्या व्यक्तीने पुन्हा विचारलं. तसं असेल तर आम्हा सगळ्यांना केवढा धीर येईल.

लिनेहन यांनी याचं जाहीर उत्तर दिलं ते जून 2011 मध्ये, वयाच्या 68व्या वर्षी. कनेटिकट राज्यातल्या हार्टफर्डच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग’ या मनोरुग्णालयात जमलेल्या लोकांसमोर त्या बोलल्या. याच रुग्णालयात 1961 मध्ये, सतराव्या वर्षी, त्या स्वतः दाखल झाल्या होत्या. 26 महिने तिथे होत्या; विजेचे झटके, एकांत कोठडी, जड औषधं, सगळं झालं होतं. तिथून बाहेर पडून त्या शिकल्या, संशोधक झाल्या, आणि ज्यातून कुणी आपल्याला बाहेर काढू शकलं नव्हतं त्यावरच उपचार शोधायला लागल्या. एवढं सगळं असूनही जाहीरपणे बोलायला त्यांना आयुष्यातली बरीच वर्षं लागली.

लिनेहन औषधं देणाऱ्या डॉक्टर नव्हेत, मानसशास्त्रज्ञ. पण त्यांना विचारलेला प्रश्न मनोविकारतज्ज्ञाला, समुपदेशकाला, गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरलाही कधी ना कधी विचारला जातो. ‘ज्याचं जळतं त्याला कळतं’ असं आपण म्हणतो, आणि डोकं ठिकाणावर नसताना तर माणूस समोरच्याच्या चेहऱ्यावर हेच शोधत असतो, की याला कळतंय का. डॉक्टरला खरोखरच कळत असेल, तोही कधी त्याच वाटेने गेला असेल, तर त्याने ते सांगावं का?

सिग्मंड फ्रॉइडचं उत्तर स्पष्ट नकाराचं होतं. 1912 साली मनोविश्लेषण करणाऱ्या डॉक्टरांना त्याने ज्या सूचना लिहिल्या, त्यात हा विषय थेट आला आहे. रुग्ण आपलं सगळं उघड करतोय तर आपणही आपल्या मनातले गुंते त्याला दाखवावेत, म्हणजे दोघं बरोबरीला येतील, असा मोह तरुण डॉक्टरांना होतो. तो टाळा, असं त्याने बजावलं. कारणही दिलं आहे आणि ते आजही पटतं. डॉक्टरचं मन उलगडणं रुग्णाला स्वतःच्या मनापेक्षा जास्त रंजक वाटू लागतं. मूळ दुखणं बाजूला पडतं. पुढे फ्रॉइडच्या अनुयायांनी या सूचनेचं सोवळं करून टाकलं आणि डॉक्टरने भिंतीसारखं बसावं अशी रीत पडली. स्वतः फ्रॉइड मात्र रुग्णांशी गप्पा मारायचा, त्यांना त्याचा कुत्राही ठाऊक असायचा.

दुसऱ्या टोकाला गेला तो त्याचाच जवळचा सहकारी, बुडापेस्टचा सांदोर फेरेन्झी. एलिझाबेथ सेव्हर्न ही त्याची अमेरिकन रुग्ण त्याला म्हणाली, तुमच्या मनात माझ्याबद्दल काहीतरी आडून बसलं आहे, ते मोकळं झाल्याशिवाय मी बरी होणार नाही. तुम्ही माझं विश्लेषण करा, मी तुमचं करते. फेरेन्झीने ते खरंच मान्य केलं. 1932 सालच्या त्याच्या रोजनिशीत या पाळीपाळीच्या प्रयोगाच्या नोंदी आहेत आणि त्या फार प्रामाणिक आहेत. त्याला स्वतःला या बोलण्याने मोकळं वाटलं. सेव्हर्नचं म्हणणं अगदी खोटं नव्हतं हेही त्याने कबूल केलं. पण मग पेच पडला. मनात येईल ते सगळं सांगायचं म्हटलं तर त्याच्या इतर रुग्णांची गुपितंही तिच्यापुढे उघडी पडणार. शिवाय दिवसभर कोण कुणाला सांभाळतंय हेच कळेनासं झालं. प्रयोग तडीला गेला नाही. 1933 च्या मे महिन्यात फेरेन्झी वारला.

मला यातला बोध असा वाटतो, की सांगावं की न सांगावं यापेक्षा वेगळा प्रश्न विचारायला हवा. सांगून झाल्यावर त्या सांगण्याचं ओझं कुणाकडे राहतं? रुग्ण हलका होऊन उठला की आणखी एक काळजी पदरात घेऊन उठला, हे पाहिलं की बाकीची बरीचशी चर्चा आपोआप मिटते.

एक प्रसंग कल्पून पाहू. एक बाई फॅमिली डॉक्टरांकडे आल्या आहेत. महिनाभर झोप नाही, कशात लक्ष लागत नाही, बारीकसारीक गोष्टीवरून रडू फुटतं. डॉक्टरांनी नैराश्यावरची गोळी लिहून दिली आहे आणि बाई चिठ्ठी हातात धरून बसून राहिल्या आहेत.

“या गोळ्यांची सवय लागते म्हणतात. माझी जाऊ म्हणत होती, एकदा सुरू केल्या की सुटतच नाहीत.”

“मी स्वतः घेतल्यात ताई या गोळ्या, काही वर्षांपूर्वी. पहिले आठ-दहा दिवस मळमळायचं, मग थांबलं. बरं वाटल्यावर माझ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केल्या. तुमचं तसंच होईल असं नाही, पण काही झालं तर मला फोन करा. तुम्हाला भीती कसली जास्त वाटतेय, सवयीची की घरचे काय म्हणतील याची?”

आता हाच प्रसंग दुसऱ्या तऱ्हेने घडू शकतो. डॉक्टर म्हणतात, “अहो, मी काय कमी भोगलंय? दवाखान्याचं कर्ज, वडील अंथरुणाला खिळलेले. रात्र रात्र गच्चीवर फेऱ्या मारायचो. बायको तर घाबरूनच गेली होती. अजूनही पावसाळा आला की मला धडकी भरते…” बाई चिठ्ठीची घडी करत विचारतात, “अगं बाई! मग आता बरे आहात ना, डॉक्टर?” आणि जावेचं बोलणं, गोळ्यांची धास्ती, सगळं तसंच पोटात ठेवून घरी जातात.

दुसऱ्या डॉक्टरांचा हेतू वाईट नाही. ते खोटंही बोलत नाहीत, उलट पहिल्यापेक्षा जास्त मन उघडं करतात. पण पहिल्या डॉक्टरांची गोष्ट होऊन गेलेली आहे, दोन-तीन वाक्यांत संपते आणि प्रश्न विचारून बाईंकडे परत येते. त्यांनी आपल्या दुखण्यातला तेवढाच भाग सांगितला जो त्या बाईंच्या हातातल्या चिठ्ठीशी जोडलेला होता. दुसऱ्यांची गोष्ट अजून चालूच आहे आणि तिला बाईंनी दिलासा द्यावा लागला.

हे नुसतं कल्पनेतलं नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर भागात सुझन मॅकडॅनियल आणि सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी प्रशिक्षित नटांना रुग्ण बनवून प्राथमिक उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं, अर्थात डॉक्टरांची आधी संमती घेऊन. पण खोटा रुग्ण कोणता आणि तो कधी येणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. अशा 113 भेटींची ध्वनिमुद्रणं तपासली. साधारण एकतृतीयांश भेटींमध्ये डॉक्टर स्वतःबद्दल काही ना काही बोलले होते. त्यातलं 85 टक्के बोलणं रुग्णाच्या काही उपयोगाचं नव्हतं, असा निष्कर्ष निघाला. आपलं बोलून झाल्यावर रुग्णाच्या अर्धवट राहिलेल्या मुद्द्याकडे परत आलेले डॉक्टर थोडेच होते. हे सगळं बोलणं मनाच्या आजाराबद्दल नव्हतं. प्रकृती, घरदार, अनुभव असं काहीही त्यात होतं. पण सवय तीच. आपुलकी वाढावी म्हणून डॉक्टर तोंड उघडतो आणि रुग्णाचा वेळ खर्ची पडतो.

मानसोपचाराच्या खोलीत मात्र चित्र थोडं निराळं दिसतं. तिथे वेळ जास्त असतो आणि बोलणं हाच उपचार असतो. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॅरेट आणि बर्मन यांच्या प्रयोगात 18 शिकाऊ उपचारकांना प्रत्येकी दोन रुग्ण दिले होते. एकाशी बोलताना, त्याने काही सांगितल्यावर स्वतःचा तशाच प्रकारचा अनुभव थोडा जास्त सांगायचा. दुसऱ्याशी बोलताना तसं सांगणं आवरायचं. ज्यांच्याशी उपचारक मोकळे राहिले त्यांनी आपला त्रास अधिक कमी झाल्याचं सांगितलं आणि उपचारकही त्यांना जास्त आवडले. 36 रुग्णांचा छोटा प्रयोग आहे, त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. तरीही थोडं, वेळेवर आणि रुग्णाच्याच बोलण्याला जोडून सांगितलेलं कामी येतं, याला त्यातून बळ मिळतं.

मराठी वाचकांच्या ओळखीचा मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस या बाबतीत बिनधास्त होता. किशोर फडके यांनी त्याची विवेकनिष्ठ उपचारपद्धती भारतात रुजवली, डॉ. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरीही अनेकांनी वाचली असेल. मुलींशी बोलायची भीती घालवण्यासाठी एकोणिसाव्या वर्षी ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात बाकावर बसलेल्या अनोळखी मुलींच्या शेजारी जाऊन बसायचं आणि बोलायचं, असा पण त्याने केला होता. शंभर जणींशी बोलणं झालं. त्यातली एक भेटायला तयार झाली आणि तीही आली नाही. हा किस्सा तो आयुष्यभर सांगत राहिला. तो खपून जायचा, कारण त्यात ऐकणाऱ्याने एलिसची कीव करावी असं काहीच नव्हतं. नकार मिळाला तरी आकाश कोसळत नाही, हे ऐकणाऱ्याला उमगायचं आणि तो आपल्या भीतीकडे पाहायला मोकळा व्हायचा.

व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात तर सांगणं हाच उपचाराचा पाया आहे. 1935 च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन हा दारू सोडलेला, पण पुन्हा तिकडे ओढला जाऊ लागलेला माणूस डॉ. बॉब स्मिथ या दारूच्या आहारी गेलेल्या शल्यचिकित्सकाला भेटला. पंधरा मिनिटांत उठायचं ठरवून आलेले डॉक्टर काही तास बसून राहिले. त्यांना उपदेश आजवर पुष्कळांनी केला होता. हा माणूस स्वतःची दारू सांगत होता. त्या वर्षी 10 जूनला डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला. तो दिवस ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ (ए.ए.) या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेचा स्थापनादिन मानतात. पुढे डॉ. बॉब यांनी अ‍ॅक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया यांच्याबरोबर हजारो दारुड्यांवर उपचार केले, आणि आपण कोण आहोत हे कधी लपवलं नाही. आज मराठीत चालणाऱ्या ए.ए.च्या मीटिंगांमध्ये ‘शेअरिंग’ हा शब्द अगदी घरचा होऊन बसला आहे.

पुण्यात 1986 साली ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. त्यामागे डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट होते, आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांची मदत होती. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या अनिताताईंना व्यसनाचा स्वतःचा अनुभव नव्हता आणि तसा आव त्यांनी आणला नाही. त्यांनी ज्यांना अनुभव होता त्यांना शेजारी खुर्ची दिली. तिथून बरे झालेले अनेकजण तिथलेच कार्यकर्ते, समुपदेशक झाले. ‘मी काय रोज पितो का?’ म्हणून हुज्जत घालणाऱ्या माणसाला समोरचा सांगू शकतो, की मीही हेच म्हणायचो. हे वाक्य पदवीधर डॉक्टरच्या तोंडून आलं नाही तरी चालतं. ज्या डॉक्टरकडे स्वतःची गोष्ट नाही, त्याने उसनी आणू नये. ज्याच्याकडे आहे त्याची गाठ घालून द्यावी. अनिताताईंचं हे शहाणपण मला या सगळ्या चर्चेत फार मोलाचं वाटतं.

एक फरक मात्र विसरू नये. ए.ए.च्या खोलीत सगळे एकाच सतरंजीवर असतात. सांगणाऱ्यालाही सांगण्याने बरं वाटतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, कारण उद्या ऐकणारा सांगेल. दवाखान्यात तसं नसतं. एकजण फी देतो, दुसरा घेतो. एकाच्या हातात औषध लिहायचं पेन असतं. गुप्ततेचंही तसंच. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं 23 वं कलम रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला सांगतं. डॉक्टरने सांगितलेलं रुग्णाने गुप्त ठेवावं असा कायदा नाही आणि तशी अपेक्षा करणंही चूक. त्यातून आपल्याकडे तपासणीच्या खोलीत रुग्ण एकटा क्वचितच असतो. नवरा, सासू, भाऊ, कुणीतरी सोबत असतंच. तालुक्याच्या गावी सकाळी सांगितलेलं संध्याकाळी बाजारपेठेत पोचतं. ‘डॉक्टरलाच वेड लागलं होतं’ या शब्दांत ते पोचलं, तर त्या दवाखान्यात उद्या येऊ पाहणारा दुसराच कुणीतरी पायरीवरून मागे फिरेल. म्हणून खेड्यातला एखादा डॉक्टर गप्प राहत असेल तर त्याला भित्रा म्हणायला माझी जीभ धजत नाही.

के रेडफील्ड जेमिसन यांनी तर मोठी किंमत मोजली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात मनोविकारशास्त्र शिकवणाऱ्या या मानसशास्त्रज्ञ द्विध्रुवीय (बायपोलर) विकाराच्या जाणकार. 1990 मध्ये फ्रेडरिक गुडविन यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला ग्रंथ या विषयातला आधारग्रंथ समजला जातो. तो आजार त्यांना स्वतःलाच होता, लिथियम हे औषध सोडल्यामुळे त्या मरणाच्या दारापर्यंत जाऊन परतल्या होत्या, हे जगाला कळलं 1995 मधल्या त्यांच्या आत्मकथनातून. ते छापण्याचं ठरवताना त्यांनी रुग्ण तपासणं थांबवलं. रुग्णाने आपली अडचण घेऊन यावं, डॉक्टरच्या अडचणींचा विचार करत बसण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये, असं त्यांचं म्हणणं. माझ्या मते एवढी कठोर वाट सगळ्यांनी धरायची गरज नाही. ब्रिटनच्या मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजचे अध्यक्ष राहिलेले माइक शूटर आपल्या नैराश्याबद्दल उघडपणे बोलत आले आहेत, लिंडा गास्क या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी 2015 मध्ये आपल्या नैराश्यावर पुस्तक लिहिलं, आणि त्यामुळे जग बुडालं नाही. पण जेमिसननी ओझ्याचा हिशेब आधी केला आणि मग तोंड उघडलं, हे मनाला भिडतं.

आता या प्रश्नाच्या मुळाशी जावं लागेल. ज्या डॉक्टरला आपलं दुखणं बोलायला कुठेच जागा नाही, तो एक तर रुग्णापुढे फुटतो किंवा आतल्या आत कुढतो. लंडनमधल्या डॉ. दक्षा एम्सन स्वतः मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि त्यांना द्विध्रुवीय विकार होता. हे कुणाला कळलं तर आपलं करिअर संपेल या धास्तीने त्या ते शक्य तितकं लपवत. ऑक्टोबर 2000 मध्ये, बाळंतपणाला तीन महिने होत असताना, आजार उलटला आणि त्या व त्यांचं तान्हं बाळ दोघांचाही जीव गेला. 2003 च्या चौकशी अहवालाने सांगितलं, की डॉक्टर असलेल्या या रुग्णाला जी सेवा मिळाली ती त्यांच्या स्वतःच्या रुग्णांना मिळाली असती त्याहूनही कमी प्रतीची होती. सहकारी म्हणून सगळं अनौपचारिकपणे, जाता येता झालं. रुग्ण म्हणून नीट कुणी पाहिलं नाही. या प्रकरणानंतरच्या हालचालींतून 2008 मध्ये लंडनमध्ये फक्त डॉक्टर आणि दंतवैद्यांसाठी गोपनीय उपचारसेवा सुरू झाली. तिथे डॉक्टर आपलं नाव रुग्ण म्हणून नोंदवतो, आणि बाहेरच्या कुणाला त्याचा पत्ता लागत नाही.

अमेरिकेत डॉक्टरांच्या परवान्याच्या अर्जात अनेक राज्यं वर्षानुवर्षं विचारत आली, की तुम्हाला कधी मानसिक आजार झाला होता का. बोटं थरथरत ‘नाही’वर खूण करणारा डॉक्टर उद्या रुग्णाला ‘लाजू नका, मोकळेपणाने सांगा’ म्हणणार. एप्रिल 2020 मध्ये, कोविडच्या पहिल्या लाटेत, न्यूयॉर्कमधल्या तातडीच्या विभागाच्या डॉ. लोर्ना ब्रीन यांनी जीव दिला, आणि त्यांच्या नावाने 2022 मध्ये डॉक्टर-परिचारिकांच्या मानसिक आरोग्यासाठी कायदा झाला. असे प्रश्न अर्जातून काढून टाकावेत म्हणून त्यांचे कुटुंबीय झटत आहेत.

आपल्याकडचं चित्र राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिगटाच्या 2024 च्या अहवालात आहे. पाहणीत भाग घेतलेल्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांपैकी 27.8 टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं सांगितलं, पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी 15.3 टक्क्यांनी. मरणाचे विचार येतात असं सांगणारे मात्र पदव्युत्तर विद्यार्थ्यांत एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांच्या जवळपास दुप्पट, 31.2 टक्के. या दोन ओळी एकत्र वाचल्या की काळजात धस्स होतं. त्रास वाढतो आणि आजाराचं नाव घेणं कमी होतं. हीच मुलं पुढे आपल्यापुढे खुर्चीत बसणार आहेत.

लिनेहन यांनी आपल्या पद्धतीत या गोष्टीची तजवीज आधीच करून ठेवली होती. त्यात वैयक्तिक उपचार आहेत, कौशल्यं शिकवणारा गट आहे, अडीनडीला फोन आहे, आणि चौथा भाग म्हणजे उपचारकांची स्वतःची बैठक. ती आठवड्याला व्हायलाच हवी. त्या बैठकीत उपचारक आपली भीती, चीड, हतबलता सहकाऱ्यांपुढे मांडतो. रुग्णाला आपलं उदाहरण द्यायलाही त्याला मुभा आहे. एखादं कौशल्य वापरताना मी कुठे अडखळलो आणि मग काय केलं, हे तो सांगतो, म्हणजे समोरच्याला ते जमण्यासारखं वाटतं. आपलं बाकीचं सगळं मांडायला त्याच्याकडे बैठक असते, म्हणून खोलीत तो मोजकं सांगू शकतो. आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत, निवासी डॉक्टरांच्या खोल्यांत, छोट्या गावातल्या डॉक्टरांच्या संघटनांत अशी बैठक सुरू करायला फार पैसे लागत नाहीत. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा 14416 या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येतं. फोन करणारा डॉक्टर असला तरी तो तिथे रुग्णच असतो.

आणि रुग्ण म्हणून आपण? ‘डॉक्टर, तुम्हाला कधी असं झालंय का?’ असं विचारायला हरकत नाही. चांगला डॉक्टर ‘हो’ म्हणेल, ‘नाही’ म्हणेल किंवा ‘ते मी सांगत नाही, पण हे विचारावंसं का वाटलं ते सांगा’ म्हणेल. तिन्ही उत्तरं चालण्यासारखी आहेत. त्यांनी सांगितलंच तर त्यांना ज्या गोळीने बरं वाटलं तीच आपल्यालाही द्या असा आग्रह धरू नये. दुखण्याचं नाव एक असलं तरी प्रत्येकाचं औषध, त्याची मात्रा आणि मुदत वेगळी असते. ऐकलेलं बाहेर कुणाला सांगू नये. गोष्ट लांबत चालली, आपलाच जीव त्यांच्यासाठी तुटायला लागला, तर ‘डॉक्टर, माझं थोडं राहिलंय’ एवढं म्हणण्याचा आपल्याला पुरेपूर हक्क आहे, आणि तसं म्हटल्याचं कुठल्याही भल्या डॉक्टरला वाईट वाटणार नाही.